लिहिणाऱ्याच्या शब्दांत शोधा

कपाशीवर बोंडअळी आली, तर कोणतं कीटकनाशक मारायचं, हेक्टरी किती, किती पाण्यात, आणि फवारल्यावर किती दिवस थांबायचं, हे सांगणारा सरकारी कागद यवतमाळला किंवा मुंबईला तयार होत नाही. तो फरीदाबादला तयार होतो. दिल्लीच्या दक्षिणेला लागून असलेल्या हरियाणातल्या या कारखान्यांच्या शहरात केंद्र सरकारचं वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय आहे आणि तिथेच केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचं कामकाज चालतं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली देशात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकांची नोंदणी इथून होते. कोणतं रसायन कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी मान्य आहे याच्या लांबलचक याद्या ही समिती प्रसिद्ध करते. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आली, तेव्हा तिच्यावर देशभर लक्ष ठेवणारी टोळधाड इशारा संघटनाही याच संचालनालयाची होती.

या याद्या इंटरनेटवर फुकट आहेत, कोणालाही उतरवून घेता येतात. पण शेतकरी मोबाइलवर ‘कपाशीवरील बोंडअळीसाठी औषध’ असं शोधतो, तेव्हा यादी समोर येत नाही. समोर येतात दुकानांच्या जाहिराती, कंपन्यांची पानं आणि शेताच्या बांधावर उभं राहून केलेले व्हिडिओ. त्यातले काही चांगलेही असतात, पण कोणता चांगला हे ओळखायचं कशावरून?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती. कपाशी उंच वाढली होती, तोंडाला फडकं नव्हतं, हातात मोजे नव्हते, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती, दुकानदार देईल तो डबा घेतला जात होता. शोधता आलं असतं तर सगळे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण हातात आलेला डबा आपल्या पिकासाठी नोंदलेला आहे का, हे पडताळायची सोय खिशात असताना ती वापरता येऊ नये, हे मला सहन होत नाही. मी फरीदाबादला राहतो. विदर्भातल्या नात्यातले लोक मला फोन करून असं काही विचारतात, आणि इथे नव्याने आलेली मराठी कुटुंबंही घरभाड्यापासून वीजबिलापर्यंत बरंच काही विचारतात. शोध फसण्याचं कारण दोघांचंही बहुतेक वेळा एकच असतं, म्हणून दोघांसाठी मिळून हे लिहितो आहे.

शोधयंत्र तुमचा प्रश्न घेऊन जगात हिंडायला निघत नाही. त्याने आधीच कोट्यवधी पानं वाचून, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करून ठेवलेली असते. तुम्ही शब्द टाकता, ते सूचीत बघतं आणि सापडलेली पानं एका क्रमाने लावून देतं. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल काढलं तेव्हा त्यांची मूळ कल्पना या क्रमाची होती: ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात, ते वर. आज क्रम लावताना आणखी शेकडो गोष्टी पाहिल्या जातात, समानार्थी शब्दही ओळखले जातात. इंग्रजीत ही ओळख फार पुढे गेली आहे. मराठीत ती अजून लंगडी आहे, हा रोजचा अनुभव. म्हणून आपण विचारणाऱ्याच्या शब्दांत शोधतो आणि कागद लिहिणाऱ्याच्या शब्दांत असतो, ही दरी मराठी माणसाला स्वतःच ओलांडावी लागते. शोधण्याआधी अर्धा मिनिट थांबून एवढंच मनाशी विचारायचं: मला हवा असलेला कागद कोणी लिहिला असेल, कोणत्या भाषेत, आणि त्याने या गोष्टीला काय म्हटलं असेल?

कीटकनाशकाच्या डब्यावरच हे करून पाहू. डब्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. दुकानात तेच बोललं जातं, व्हिडिओतही तेच. फरीदाबादच्या यादीत मात्र ते नाव शोधून उपयोग नाही, कारण तिथे रसायनाचं तांत्रिक नाव असतं. ते डब्यावर त्याच्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं, उदाहरणार्थ ‘इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी’. हे एकच रसायन कितीतरी कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. यातले तीनही भाग महत्त्वाचे आहेत: रसायन, त्याचं प्रमाण आणि शेवटची दोन अक्षरं, जी औषधाचा प्रकार सांगतात. एसजी म्हणजे पाण्यात विरघळणारे दाणे, ईसी म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारा द्राव. प्रमाण किंवा प्रकार बदलला की मात्राही बदलते, म्हणून तीनही जसंच्या तसं टाकायचं, आणि इंग्रजीत, कारण यादी इंग्रजीत आहे. पिकाचं नाव म्हणून ‘कपाशी’ नको, ‘कॉटन’ हवं. बोंडअळीला ‘बोलवर्म’.

आता शोध त्या एकाच संकेतस्थळापुरता बांधून टाकायचा. गुगलच्या चौकटीत रोमन अक्षरांत ‘साइट’ हा शब्द लिहायचा, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं, आणि मध्ये जागा न सोडता संचालनालयाचा पत्ता: पीपीक्यूएस डॉट जीओव्ही डॉट इन. पुढे एक जागा सोडून रसायनाचं नाव. आता फक्त त्या सरकारी संकेतस्थळावरची पानंच येतील, जाहिरातदार त्या यादीत शिरू शकत नाही. अख्खी यादी हवी असेल तर तिचं स्वतःचं शीर्षक वापरायचं, ‘मेजर यूजेस ऑफ पेस्टिसाइड्स’, दुहेरी अवतरणचिन्हांत. अवतरणचिन्हांत टाकलेले शब्द त्याच क्रमाने, त्याच रूपात शोधले जातात.

यादी उघडली की पानामागून पान वाचत बसायचं कारण नाही. संगणकावर कंट्रोल आणि एफ ही बटणं एकत्र दाबायची, मोबाइलवर पीडीएफ उघडल्यावर भिंगाचं चिन्ह दाबायचं आणि रसायनाचं नाव टाकायचं. रकाने असे असतात: पीक, कीड, हेक्टरी मूळ रसायन किती ग्रॅम, बाजारात मिळणारं औषध किती ग्रॅम किंवा मिलिलिटर, पाणी किती लिटर, आणि शेवटी प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं. मात्रा हेक्टरी आहे हे विसरू नका. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. हेक्टरची मात्रा एकरात ओतली तर अडीचपट विष जातं. तुमचं पीक त्या रसायनापुढे लिहिलेलंच नसेल, तर तेही उत्तरच आहे: ते औषध त्या पिकासाठी मान्य नाही, दुकानदार काहीही सांगो.

तारीखही पाहायला हवी. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला २००५ मध्ये बंदी आली. त्याआधी लिहिलेल्या पुस्तिकेत ते वांग्या-भेंडीवर सुचवलेलं असेल, तर पुस्तिका खोटी नाही, फक्त तिचा काळ संपला आहे. शोधयंत्राला मात्र ती तितकीच खरी वाटते. म्हणून शोधाच्या साधनांत जाऊन गेल्या वर्षापुरते निकाल मागावेत, आणि त्याच संकेतस्थळावरची बंदी घातलेल्या व मर्यादित वापराच्या कीटकनाशकांची स्वतंत्र यादीही बघावी. ती लहान आहे, पाच मिनिटांत चाळून होते.

हीच रीत फरीदाबादला राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला लागू पडते, फक्त इथे दरी दोन राज्यांमधली आहे. महाराष्ट्रातून आलेला माणूस घर विकत घेण्याआधी ‘फरीदाबाद सातबारा ऑनलाइन’ असं शोधतो. हरियाणात सातबारा नाही. इथे ‘जमाबंदी’ असते, तिची प्रत म्हणजे ‘नकल’, आणि राज्याचं भूलेखांचं संकेतस्थळही जमाबंदी याच नावाचं आहे. आपला फेरफार इथे ‘इंतकाल’ होतो, तलाठी ‘पटवारी’ होतो, खरेदीखताला लोक ‘रजिस्ट्री’ म्हणतात. जिल्हाधिकारी शोधू नका, ‘उपायुक्त’ किंवा ‘डीसी’ शोधा. रहिवासी दाखल्याला ‘निवास प्रमाण पत्र’, घरपट्टीला ‘प्रॉपर्टी टॅक्स’. महावितरणच्या जागी ‘दक्षिण हरियाणा बिजली वितरण निगम’, आणि ते नाव कोणी पूर्ण घेत नाही. ‘डीएचबीव्हीएन’ अशी रोमन आद्याक्षरं टाकली की नेमकं पान येतं. शेतजमिनीचं माप एकर-गुंठ्यांत नाही तर किल्ला, कनाल, मरला यांत मिळेल: २० मरल्यांचा एक कनाल, ८ कनालांचा एक किल्ला, आणि किल्ला म्हणजे एकर. घराच्या जागेचा भाव ‘गजा’त, आणि हा गज म्हणजे चौरस वार, ९ चौरस फूट. ‘१८०० चौरस फूट’ असं टाकून जी जागा सापडत नाही, ती ‘२०० गज’ म्हटल्यावर सापडते. हरियाणात परिवार पहचान पत्र नावाची कुटुंबाची ओळखसंख्या अनेक सरकारी योजनांना लागते, महाराष्ट्रातून आलेल्याला हे नावच माहीत नसतं. त्यामुळे कोणत्याही दाखल्यासाठी शोधताना ‘फॅमिली आयडी’ हा शब्द जोडून पाहावा. इथले लोक तिला तसंच म्हणतात.

हे शब्द कळायचे कसे? पहिल्या शोधात उत्तर मागायचं नाही, शब्द मागायचे. एखादी स्थानिक हिंदी बातमी उघडायची, इथल्या शेजाऱ्याला विचारायचं, हातातल्या जुन्या बिलाचं डोकं वाचायचं, आणि तिथे सापडलेल्या शब्दांनी दुसरा शोध घ्यायचा. चांगले ग्रंथपाल पूर्वीपासून हेच करतात.

फरीदाबादमध्ये आणखी एक पेच आहे, आणि नागपूरकरांना तो चांगला कळेल. नागपुरात ‘एनआयटी’ म्हटलं की नागपूर सुधार प्रन्यास, १९३६ च्या कायद्याने आलेला. देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी एनआयटी म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था. फरीदाबादमध्ये एनआयटी म्हणजे शहराचा एक भाग: फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून उभं राहिलेलं नवं औद्योगिक नगर. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि त्यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनचा त्या कामात मोठा वाटा होता. निर्वासितांनी आपली घरं आपल्या हातांनी बांधावीत हा आग्रह त्यातलाच. आज तिथल्या वस्त्यांना लोक ‘एक नंबर’, ‘पाच नंबर’ म्हणतात, आणि टपालाच्या पत्त्यांत ‘एनएच-४’ असं येतं. कीटकनाशक समितीचा पत्ताही एनएच-४ असाच आहे. तो राष्ट्रीय महामार्ग समजून कोणी मथुरा रोडवर शोधत बसला तर दिवस जाईल. पुणे-बंगळूर रस्त्याला वर्षानुवर्षं एनएच-४ म्हणणाऱ्या आपल्या लोकांची ही फसगत फार लवकर होते. तो महामार्ग आता ४८ क्रमांकाचा झाला, पण तोंडातून जुना आकडा जात नाही.

असा दुहेरी-तिहेरी अर्थाचा शब्द आला की उणे चिन्ह उपयोगी पडतं. ‘एनआयटी फरीदाबाद’ लिहून पुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘कुरुक्षेत्र’ असं टाकलं, की हरियाणातल्या त्या नावाच्या तंत्रज्ञान संस्थेची पानं गळतात. ‘ॲडमिशन’, ‘कटऑफ’ हेही असेच उणे करता येतात. उणे चिन्ह आणि शब्द यांच्यात जागा सोडायची नाही. किंवा उलट बाजूने, अर्थ पक्का करणारा शब्द जोडायचा: सेक्टरचा क्रमांक, जवळच्या मेट्रो स्थानकाचं नाव, १२१ ने सुरू होणारा पिन. गावाच्या नावापेक्षा पिन बऱ्याचदा नेमका निघतो.

जुने कागद शोधणाऱ्याने नकाशाचा इतिहास जवळ ठेवावा. फरीदाबाद हा जिल्हा झाला १५ ऑगस्ट १९७९ ला. त्याआधी इथलं सगळं गुडगाव जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९६६ पूर्वी हरियाणाच नव्हतं, तेव्हा पंजाब. २००८ मध्ये पलवल फरीदाबादमधून वेगळं झालं, गुडगाव २०१६ मध्ये गुरुग्राम झालं. म्हणजे १९६० मधला फरीदाबादचा दस्तऐवज शोधायचा तर शब्द ‘पंजाब’ आणि ‘गुडगाव’ हवेत, ‘हरियाणा’ टाकलं की तो हाती लागणार नाही. महाराष्ट्रातही तेच करावं लागतं. जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ पूर्वी शोधायचे ते औरंगाबाद आणि रत्नागिरीत, लातूर १९८२ पूर्वी उस्मानाबादेत, नंदुरबार १९९८ पूर्वी धुळ्यात, पालघर २०१४ पूर्वी ठाण्यात, आणि रायगडचे जुने कागद कुलाबा नावाखाली. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नावांनी २०२३ पूर्वीच्या सरकारी कागदांतलं फारसं काही मिळणार नाही. घराण्याची वंशावळ जुळवणारे, जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या नोंदी शोधणारे लोक इथे अडकतात, आणि ‘ऑनलाइन काही नाही’ म्हणून नाद सोडतात.

आता आपल्या लिपीकडे येतो, कारण मराठीत शोधणाऱ्याला सर्वांत जास्त ठेचा इथे लागतात. या शहराचं नावच घ्या. मराठीत ते फरीदाबाद आणि फरिदाबाद असं दोन्ही लिहिलेलं सापडतं. हिंदीत ‘फ’खाली नुक्ता देऊनही लिहितात आणि न देताही. शेजारचं बल्लभगड हिंदीत बल्लभगढ़ आहे, कुठे बल्लबगढ़, आणि रोमन लिपीत त्याची एचसह आणि एचविना अशी रूपं दिसतात. शोधयंत्र यातले काही भेद मिटवतं, काही मिटवत नाही, आणि कुठले मिटवले ते सांगत नाही. यावर उपाय म्हणजे दोन रूपांमध्ये रोमन मोठ्या अक्षरांत ‘ओआर’ हा शब्द टाकणं. मग दोन्हींपैकी कोणतंही रूप असलेली पानं येतात.

विभक्तीचा त्रास याहून मोठा. इंग्रजीत शहराचं नाव वाक्यात कुठेही आलं तरी जसंच्या तसं राहतं. मराठीत त्याचं फरीदाबादला, फरीदाबादच्या, फरीदाबादमधील होतं. पाण्याचं ‘पाणी’पण जातं आणि ‘पाण्याच्या’ उरतं. अवतरणचिन्हांत ‘पाणी टंचाई’ असं बांधून टाकलंत, तर ‘पाण्याची टंचाई’ लिहिणारं पान निसटू शकतं. म्हणून मराठीत अवतरणचिन्हं जपून वापरा: ती माणसांची नावं, योजनांची नावं, कायद्यांची शीर्षकं अशा न बदलणाऱ्या गोष्टींसाठी ठेवा. बाकीच्या वेळी शब्द मोकळे टाका आणि मूळ रूप व सामान्यरूप दोन्हींनी एकेकदा शोधा.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तर डोळ्यांना एकसारखा दिसूनही आतून दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. त्यातला अर्धा र एका कळफलकावर एका संकेताने उमटतो, दुसऱ्यावर दुसऱ्या. ‘ॲप’मधल्या ॲचंही तसंच. संशय आला तर त्या विषयावरच्या एखाद्या मराठी पानावरून शब्द उचलून तसाच शोधचौकटीत चिकटवून पाहा. पानात शोधताना तर हे नक्कीच करा, तिथे संकेत तंतोतंत जुळावा लागतो.

आणि जुने फॉन्ट. युनिकोड रुळण्यापूर्वी सरकारी कचेऱ्यांत, छापखान्यांत जे मराठी-हिंदी टंकलं गेलं, ते पडद्यावर देवनागरी दिसतं पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच असतात. कृतिदेव फॉन्टमधला ‘भारत’ आतून एच, के, के, जे, आर अशा पाच अक्षरांचा असतो. अशा पीडीएफमध्ये देवनागरीत कितीही शोधलंत तरी काही मिळणार नाही, आणि शोधयंत्रालाही ती निरर्थक रोमन अक्षरंच दिसतात. हरियाणाच्या जुन्या अधिसूचना आणि महाराष्ट्राचे जुने शासन निर्णय दोन्हींकडे हा प्रकार आहे. तिथे शब्दाने शोधायचं सोडून बाहेरच्या खुणांनी शोधायचं. महाराष्ट्राच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग, तारीख आणि सांकेतांक यांनी शोध घेता येतो. बातमीत निर्णयाची तारीख मिळाली, की निम्मं काम झालं. स्कॅन करून चढवलेल्या कागदांचीही तीच गत, ती चित्रं असतात.

पीडीएफवरून आठवलं: सरकारी अहवाल हवे असतील तर रोमन अक्षरांत ‘फाइलटाइप’, दोन टिंबं आणि ‘पीडीएफ’ असं जोडलं की बातम्या आणि जाहिराती गळून अहवाल उरतात. केंद्रीय भूजल मंडळाचं मुख्यालयही फरीदाबादलाच, एनआयटीतल्या भूजल भवनात आहे. विहीर किंवा बोअर घेण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या भूजलाची माहिती बघायची असेल तर मंडळाच्या संकेतस्थळापुरता शोध बांधून, जिल्ह्याचं नाव आणि पीडीएफ एवढंच पुरतं.

पैशांशी संबंधित शोधात मात्र फार सावध राहा. बँकेचा, वीज कंपनीचा, कुरिअरचा ‘कस्टमर केअर नंबर’ शोधयंत्रात कधीही शोधू नका. भामटे खोटी पानं बनवून त्यांवर आपले नंबर पेरतात, जाहिरातीची जागा विकत घेतात, नकाशावरच्या नोंदीत नंबर घुसवतात. तुम्ही स्वतःहून फोन केलेला असतो, म्हणून विश्वास बसतो. फरीदाबादच्या शेजारचा नूंह जिल्हा, जुना मेवात, या गुन्ह्यांसाठी देशभर बदनाम झाला. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणाच्या सुमारे ५००० पोलिसांनी तिथल्या १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले. नंबर हवा असेल तर तो कार्डाच्या मागे, छापील बिलावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये पाहा. सरकारी पान उघडलं तर पत्ता वाचा: सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरक्या रेषा सोडून, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असायला हवं. ही अक्षरं पत्त्यात आधी कुठेतरी असून शेवट ‘डॉट कॉम’ने होत असेल तर ते पान सरकारचं नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर तत्काळ फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

आता शोधलं की यादीच्याही वर यंत्राने रचलेलं तयार उत्तर येतं. एखाद्या विषयाची तोंडओळख करून घ्यायला, आणि मी वर म्हटलं तसे नवे शब्द मिळवायला ते खरंच उपयोगी आहे. कीटकनाशकाची मात्रा, औषधाचा डोस, अर्जाची शेवटची तारीख, जमिनीचा कायदा, यांसाठी ते प्रमाण मानू नका. अनेक पानांतली वाक्यं एकत्र विणताना एका पिकाची मात्रा दुसऱ्या पिकापुढे बसू शकते, आणि वाक्य तरीही सफाईदारच वाटतं. उत्तराशेजारी दिलेलं मूळ पान उघडा, आकडा तिथे आहे का बघा. हे उत्तर, व्हिडिओ, दुकानं काहीच नको असेल तर निकालांच्या वरच्या पट्टीत ‘वेब’ हा पर्याय आहे, २०२४ पासून. तो दाबला की जुन्यासारखी साधी दुव्यांची यादी मिळते.

सापडलेलं पान उद्या तिथे असेलच असं नाही. सरकारी संकेतस्थळं नव्याने बांधली जातात आणि जुने दुवे मरतात. मेलेल्या दुव्याचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकला तर पुष्कळदा त्या पानाची जुनी प्रत मिळते. महत्त्वाचा कागद मिळाला की तो लगेच उतरवून ठेवा, आणि फाइलच्या नावात मराठीत विषय आणि वर्ष लिहा, नाहीतर तो आपल्याच मोबाइलमध्ये पुन्हा शोधावा लागतो.

एका प्रसंगी शोधूच नका. फवारणी करताना कोणाला गरगरलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे धूसर झालं, तोंडाला लाळ सुटली, तर मोबाइलवर उपाय वाचण्यात वेळ घालवायचा नाही. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, आणि डबा बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा; आणि डब्यावर किंवा सोबतच्या पत्रकात उताऱ्याचं नाव दिलेलं असतं. डॉक्टरला तेच बारीक अक्षरांतलं तांत्रिक नाव हवं असतं. वाटेत दुसऱ्या कोणीतरी दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राला १८००-११६-११७ वर फोन लावावा. आणि फवारणीआधीच्या शंकांसाठी किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१. तिथे मराठीत बोलता येतं, सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत. हे दोन्ही क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, आणि घरातला जो माणूस पंप पाठीवर घेतो त्याच्याही मोबाइलमध्ये.